किंग गेले त्या आठवड्यात, आणि नंतरची पन्नास वर्षे

अटलांटा शहरात जॉर्जिया राज्याचे विधानभवन आहे. ९ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची अंत्ययात्रा या इमारतीवरून पुढे गेली. दोन खेचरे जुंपलेली साधी लाकडी गाडी, तिच्यावर शवपेटी आणि मागे अथांग गर्दी. राज्याचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स त्या वेळी आत बसून होते. इमारतीभोवती त्यांनी पोलिसांचा पहारा बसवला होता आणि शोक म्हणून सरकारी कामकाज बंद ठेवायला साफ नकार दिला होता. चार वर्षांपूर्वी आपल्या खानावळीत जेवायला आलेल्या कृष्णवर्णीयांना हाकलून देऊन हे गृहस्थ नावारूपाला आले होते.

फेब्रुवारी २००६ मध्ये त्याच विधानभवनात कोरेटा स्कॉट किंग यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले गेले. तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. १९६८ मध्ये पतीच्या शवपेटीमागून चालत त्या याच इमारतीसमोरून गेल्या होत्या. तेव्हा जिथे पहारा होता, तिथे ३८ वर्षांनी लोक फुले घेऊन रांगेत उभे होते.

या दोन दृश्यांमध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीचा बराचसा इतिहास सामावला आहे. चळवळीतला माणूस जातो तेव्हा समाज काय करतो? कोण रडते, कोण गप्प राहते, कोण सुटकेचा निःश्वास टाकते आणि कोण त्याचे अर्धे राहिलेले काम हाती घेते? १९६३ पासून २०२० पर्यंतच्या काही मृत्यूंकडे पाहिले, की शोकाच्या अनेक तऱ्हा दिसतात. त्या सगळ्या सारख्या मोलाच्या नाहीत.

ज्यांच्यासाठी देश रडला नाही

१२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात चळवळीचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. काही तासांपूर्वीच अध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून नागरी हक्कांच्या बाजूने भाषण केले होते. १५ जूनला अंत्यविधीनंतर तरुणांचा जमाव फॅरिश स्ट्रीटवर पोलिसांसमोर उभा ठाकला. दगड-बाटल्या उडू लागल्या, बंदुका रोखल्या गेल्या. तेव्हा जॉन डोर हा न्याय खात्याचा गोरा अधिकारी दोन्ही बाजूंच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि पुढचा रक्तपात टळला. एव्हर्स दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक होते. त्यामुळे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप मिळाला. पण त्यांच्या मारेकऱ्यावरचे १९६४ चे दोन्ही खटले ज्यूरीचे एकमत न झाल्याने निष्फळ ठरले. ज्यूरीत सगळे गोरे पुरुष होते. बायरन डी ला बेकविथ दोषी ठरला तो १९९४ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी. त्या काळात शोकाला जागा होती, न्यायाला नव्हती.

फेब्रुवारी १९६५ मध्ये अलाबामातल्या मॅरियन गावी जिमी ली जॅक्सन या २६ वर्षांच्या तरुणावर राज्य पोलिसाने गोळी झाडली. आठवडाभराने तो गेला. त्याचे पार्थिव थेट माँटगोमेरीला गव्हर्नरच्या दारात नेऊन ठेवावे, असा विचार गावकऱ्यांत आणि कार्यकर्त्यांत पुढे आला. त्यातूनच सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेची कल्पना निघाली. ७ मार्चला सुमारे ६०० माणसे एडमंड पेटस पुलावर पोचली आणि राज्य पोलिसांनी व घोडेस्वारांनी त्यांना लाठ्या व अश्रुधुराने झोडपून काढले. शोकाचे इतके थेट कृतीत रूपांतर झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

दोनच दिवसांनी सेल्मात जेम्स रीब या गोऱ्या धर्मोपदेशकावर हल्ला झाला आणि ११ मार्चला त्यांचा मृत्यू झाला. देशभर शोकसभा झाल्या. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांच्या पत्नीला दूरध्वनी केला, आणि १५ मार्चच्या संसदेतल्या भाषणात देवाच्या एका चांगल्या माणसाच्या बलिदानाचा उल्लेख केला. जिमी ली जॅक्सनचे नाव त्या भाषणात नव्हते. एकाच लढ्यातले, एकाच महिन्याच्या आतले हे दोन मृत्यू. कातडीच्या रंगावरून शोकाचेही माप ठरते, हे चळवळीतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी तेव्हा उघडपणे बोलून दाखवले. पुढच्या काळातल्या त्यांच्या कडवटपणाचे एक मूळ इथे आहे.

त्याच फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये जहाल कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांचा खून झाला. हार्लेममध्ये हजारो लोक दर्शनासाठी रांगा लावत होते आणि मोठी वृत्तपत्रे मात्र, हिंसेची भाषा करणारा हिंसेनेच गेला, अशा सुरात लिहीत होती. अभिनेते ऑसी डेव्हिस यांनी निरोपाच्या भाषणात वर्तमानपत्रांतल्या माल्कमला बाजूला सारून हार्लेमने पाहिलेला माल्कम उभा केला. दफनभूमीत माती लोटायला गोरे मजूर उभे होते. माल्कम यांच्या साथीदारांनी त्यांच्या हातातली फावडी घेतली आणि खड्डा स्वतः बुजवला. आपल्या माणसाला माती आपणच द्यायची, एवढेच त्यांचे म्हणणे होते. याच माल्कम एक्स यांच्या नावाचे टपाल तिकीट अमेरिकन सरकारने १९९९ मध्ये काढले.

एप्रिल १९६८

किंग मेम्फिसला गेले होते ते कचरा उचलणाऱ्या कामगारांसाठी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आडोशाला शिरले, कारण गोऱ्यांच्या वस्तीत कुणाच्या ओसरीला उभे राहण्याची सोय नव्हती. कचरा दाबण्याचे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे त्यात चिरडले गेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले होते. मराठी वाचकाला या तीन शब्दांमागची वेदना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडेही झाडू कुणाच्या हाती द्यायचा, हे जन्मावरून ठरत आले आहे.

४ एप्रिलच्या संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने लॉरेन मोटेलच्या गॅलरीत उभ्या असलेल्या किंग यांना गोळी लागली. तासाभराने ते गेले. वय ३९.

त्या रात्री रॉबर्ट केनेडी निवडणूक प्रचारासाठी इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत येणार होते. जमलेल्यांपैकी बहुतेकांना बातमी ठाऊक नव्हती. जाऊ नका, असे पोलिसांनी बजावले होते. केनेडी गेले, एका उघड्या ट्रकवर उभे राहिले आणि त्यांनी ती बातमी स्वतःच्या तोंडाने सांगितली. आपल्या भावालाही एका गोऱ्यानेच मारले, हे त्यांनी त्या रात्री पहिल्यांदाच जाहीरपणे बोलून दाखवले. भाषण जेमतेम पाच-सहा मिनिटांचे होते. लोक शांतपणे घरी गेले. दोन महिन्यांनी केनेडी स्वतःच गोळीला बळी पडले.

इतरत्र आग लागली. शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या. वॉशिंग्टन, शिकागो, बाल्टिमोर, कॅन्सस सिटी ही त्यांतली मोठी नावे. सुमारे ४० माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य कृष्णवर्णीय. अटक झालेल्यांची संख्या हजारोंनी मोजावी लागली. संसदेच्या पायऱ्यांवर मशीनगन लावल्या गेल्या. जे म्हणत होते की अहिंसेचा माणूसच मारला, मग अहिंसा कुणासाठी, त्यांचा राग खोटा नव्हता. पण जळाली ती त्यांचीच वस्ती. वॉशिंग्टनच्या फोर्टीन्थ स्ट्रीटवरचे ओसाड तुकडे पुढची कित्येक वर्षे तसेच पडून होते.

बोस्टनमध्ये ५ एप्रिलला गायक जेम्स ब्राऊन यांचा कार्यक्रम ठरलेला होता. रद्द केला तर तरुण रस्त्यावर येतील, या भीतीने शहराने तो दूरचित्रवाणीवरून थेट दाखवायचे ठरवले. लोक घरी बसून पाहत राहिले. कार्यक्रमाच्या शेवटी काही मुले मंचावर चढली, पोलीस पुढे सरसावले. ब्राऊन यांनी पोलिसांना मागे हटवले आणि मुलांना समज देऊन खाली उतरवले. बोस्टनमध्ये ती रात्र पुष्कळशी शांततेत गेली.

अध्यक्ष जॉन्सन यांनी ७ एप्रिल हा राष्ट्रीय दुखवट्याचा दिवस जाहीर केला. ऑस्करचा सोहळा दोन दिवस पुढे ढकलला गेला, बेसबॉलचा हंगाम थांबला. अंत्यविधीला मात्र जॉन्सन गेले नाहीत, उपाध्यक्ष हम्फ्री गेले. ११ एप्रिलला जॉन्सन यांनी घरे विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. संसदेत रेंगाळलेले ते विधेयक किंग यांच्या मृत्यूनंतर आठवड्यात मार्गी लागले.

कुणाला काय वाटले

आज किंग यांच्याबद्दल वाईट बोलणारा अमेरिकन शोधावा लागतो. १९६८ मध्ये तसे नव्हते. गॅलपच्या १९६६ च्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याबद्दलचे मत प्रतिकूल होते. १९६७ मध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केल्यावर मोठ्या वृत्तपत्रांनीही त्यांच्यावर टीका केली. त्यांच्या मृत्यूनंतर लगेच लोकांची मने जाणून घेतली गेली, तेव्हा दुःख झाले म्हणणारे होते, शरम वाटली म्हणणारे होते, आणि त्यांनी ते स्वतःवर ओढवून घेतले, असे म्हणणारेही थोडेथोडके नव्हते. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीही या शोकांतिकेचा उगम, कोणता कायदा पाळायचा हे लोक स्वतः ठरवू लागले त्या क्षणात शोधला. बोट सविनय कायदेभंगाकडे होते.

याच दिवसांत सामान्य माणसांनी केलेल्या दोन गोष्टी मोठ्या शोकसभांपेक्षा अधिक टिकल्या. आयोवातल्या राइसव्हिल या गोऱ्यांच्या गावात जेन एलियट तिसरीच्या वर्गाला शिकवत. ५ एप्रिलला सकाळी मुले विचारत आली, किंगना का मारले? भेदभाव म्हणजे काय, हे सांगून कळणार नाही, असे बाईंना वाटले. त्यांनी वर्गाची निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची मुले अशी फाळणी केली. एका दिवशी एका गटाला उच्च ठरवले, नंतर दुसऱ्याला. काही तासांत मुले एकमेकांना तोडून बोलू लागली आणि खाली ढकललेल्या गटाचा अभ्यासही घसरला. हा धडा पुढे जगभर पोचला. गावातल्या कित्येकांनी मात्र बाईंशी बोलणे सोडले.

दुसरी गोष्ट लॉस एंजेलिसची. हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने १५ एप्रिलला ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिले. तुमच्या मुलांच्या टोळीत एक कृष्णवर्णीय मूल का नसावे, असे तिने विचारले. उपकार केल्यासारखे दिसेल, ही शुल्झ यांना धास्ती होती. पत्रव्यवहार झाला, ग्लिकमन यांनी आपल्या कृष्णवर्णीय मित्रांची मते मिळवून कळवली. ३१ जुलै १९६८ रोजी समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा चेंडू परत देणारा फ्रँकलिन अवतरला. पुढे तो शाळेत गोऱ्या मुलांबरोबर बसलेला दिसला, तेव्हा दक्षिणेतल्या एका संपादकाने त्यावर आक्षेप घेतल्याचे शुल्झ यांनी सांगितले आहे. त्यांनी चित्र बदलले नाही.

विद्यापीठांतही शोकाचा कस लागला. ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी आवारात दिवसरात्र ठाण मांडून बसले आणि त्यांनी तिथल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय, कामगारांसाठी तासाला १ डॉलर ६० सेंट एवढे किमान वेतन मागितले. कोलंबिया विद्यापीठात ९ एप्रिलच्या शोकसभेत मार्क रड हा विद्यार्थी मंचावर चढला. हार्लेमच्या लोकांची जागा व्यायामशाळेसाठी घेणाऱ्या आणि स्वतःच्या कृष्णवर्णीय कामगारांना कमी पगार देणाऱ्या संस्थेने किंग यांना आदरांजली वाहणे हा त्यांचा अपमान आहे, असे बोलून तो निघून गेला. शोकसभा मोडणे अनेकांना रुचले नाही. प्रश्न मात्र रास्त होता.

अंत्यविधीच्या वेळी एबेनेझर चर्चमध्ये कोरेटा यांच्या इच्छेनुसार किंग यांचेच ध्वनिमुद्रित प्रवचन ऐकवले गेले. मृत्यूच्या दोन महिने आधी त्यांनी त्यात सांगितले होते की, आपल्यामागे बोलताना नोबेल आणि पुरस्कार मोजू नका, भुकेल्यांसाठी व उघड्यांसाठी काही करण्याचा प्रयत्न केला, एवढेच म्हणा. आत जाणाऱ्या छायाचित्रकारांत एकही कृष्णवर्णीय नाही, हे कळल्यावर कोरेटा यांनी निरोप धाडला की, ‘एबनी’ मासिकाचे मोनेटा स्लीट यांना प्रवेश नसेल तर कुणालाच नाही. आईच्या मांडीवर डोके टेकलेल्या पाच वर्षांच्या बर्निसचे स्लीट यांनी टिपलेले छायाचित्र जगाने पाहिले. त्यासाठी १९६९ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पत्रकारितेतले पहिले कृष्णवर्णीय ठरले.

भारतालाही हा मृत्यू परका नव्हता. किंग दांपत्य १९५९ मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. जवाहरलाल नेहरू पुरस्कार किंग यांना मरणोत्तर दिला गेला. तो घ्यायला कोरेटा जानेवारी १९६९ मध्ये दिल्लीत आल्या. तीन वर्षांनी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी संघटना उभारली, तिचे नाव मात्र त्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेवरून घेतले. किंग यांच्यानंतरची अमेरिकेतली संतप्त पिढी त्यांना जवळची वाटली.

सुट्टी, पुतळा, रिकामी बाके

किंग यांच्या हत्येनंतर चौथ्या दिवशी खासदार जॉन कॉन्यर्स यांनी त्यांच्या जन्मदिवसाला राष्ट्रीय सुट्टी द्यावी, असे विधेयक मांडले. ते मंजूर व्हायला १५ वर्षे लागली. १९७९ मध्ये ते पाच मतांनी पडले. मग स्टीव्ही वंडर यांनी त्यासाठी गाणे केले, ६० लाख सह्या गोळा झाल्या. सिनेटमध्ये जेसी हेल्म्स यांनी किंग यांना कम्युनिस्टांचे हस्तक ठरवण्याचा खटाटोप केला, तरी ७८ विरुद्ध २२ मतांनी विधेयक पार पडले. २ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यावर सही केली ती आता अध्यक्ष झालेल्या रेगन यांनी. ॲरिझोना राज्याने सुट्टी नाकारली, तेव्हा अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने १९९३ चा अंतिम सामना तिथून हलवला. २०११ च्या गॅलप पाहणीत किंग यांच्याबद्दल अनुकूल मत असणारे ९४ टक्के होते.

या सार्वत्रिक प्रेमाची एक किंमत असते. माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्यासाठी आसन सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स २४ ऑक्टोबर २००५ रोजी डेट्रॉइटमध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी गेल्या. डेट्रॉइट आणि माँटगोमेरीच्या बसगाड्यांत पुढची आसने काळ्या फिती बांधून रिकामी ठेवली गेली. शोकाचे इतके नेमके रूप क्वचितच सुचते. संसदेच्या घुमटाखाली पार्थिव ठेवले गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. पण भाषणांतून उभी राहिली ती दमलेली, सोशिक शिवणकाम करणारी बाई. इतिहासकार जीन थिओहॅरिस यांनी पुढे पार्क्स यांचे चरित्र लिहिताना याच निरोपावर बोट ठेवले. पार्क्स १९४३ पासून नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या, बसगाड्यांवरच्या बहिष्काराच्या काळात त्यांची नोकरी गेली, पुढे गाव सोडावे लागले आणि म्हातारपणापर्यंत त्या लढत राहिल्या. शिवाय कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे गरीब कृष्णवर्णीय वाऱ्यावर सोडल्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. अशा वेळी पार्क्स यांचा गौरव म्हणजे जुना अन्याय संपल्याची सोयीस्कर ग्वाही होती.

कोरेटा यांच्या अंत्यविधीत ही सोय कुणी राहू दिली नाही. ७ फेब्रुवारी २००६ रोजी व्यासपीठावर चार आजी-माजी राष्ट्राध्यक्ष होते. किंग यांचे जुने सहकारी जोसेफ लोअरी यांनी तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्यासमोरच इराक युद्धावर आणि देशातल्या गरिबीवर बोट ठेवले. सभागृह टाळ्या वाजवत उभे राहिले. जिमी कार्टर यांनी किंग दांपत्याचे दूरध्वनी सरकारने चोरून ऐकल्याची आठवण दिली. अंत्यविधीत राजकारण आणले म्हणून दुसऱ्या दिवशी गहजब झाला. आयुष्यभर युद्धाला आणि दारिद्र्याला विरोध केलेल्या स्त्रीच्या शवपेटीशेजारी तिचेच विषय निघाले, तर त्यात गैर काय होते? त्याच वर्षी जुलैमध्ये चळवळीतल्या फॅनी लू हेमर, रोझा पार्क्स आणि कोरेटा यांच्या नावाने, सेल्माच्या लढ्यातून आलेल्या मतदान हक्क कायद्याला मुदतवाढ मिळाली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य मतांनी.

चौदा वर्षांनी, २६ जुलै २०२० रोजी, १९६५ च्या सेल्मा पदयात्रेचे एक नेते जॉन लुईस यांचे पार्थिव घोडागाडीतून एडमंड पेटस पुलावरून नेले. पंचविशीतल्या लुईस यांचे डोके जिथे पोलिसांनी फोडले होते, तिथे गुलाबाच्या पाकळ्या अंथरल्या होत्या आणि पुलापलीकडे त्याच अलाबामा राज्याचे पोलीस सलामी देत होते. अंत्यविधीत बराक ओबामा यांनी श्रद्धांजलीचे रूपांतर मागणीत केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मतदान हक्क कायद्याचा कणा काढून घेतला होता. तो परत बसवा, हाच लुईस यांचा सन्मान, असे ते म्हणाले. लुईस यांच्या नावाचे विधेयक २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने मंजूर केले. सिनेटने ते अडवले. लुईस यांना भावपूर्ण आदरांजली वाहणाऱ्या अनेक सिनेटरांनी त्याच्या विरोधात मत दिले.

हा सगळा पट पाहिल्यावर एक निवाडा देणे भाग पडते. फुले, सलामी, तिकीट, सुट्टी या गोष्टी बिनमोलाच्या नाहीत. मॅडॉक्स यांच्या पहाऱ्यापासून तिथवर पोचायला माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. पण गेलेला माणूस शेवटच्या दिवशी कोणते काम करत होता, हे विसरून वाहिलेली श्रद्धांजली त्याच्या उपयोगाची नाही आणि समाजाच्याही नाही. १९६८ च्या त्या आठवड्यात हे सगळ्यांत स्वच्छ ओळखले ते कोरेटा यांनी. पतीचे दफन व्हायचे होते, तरी ८ एप्रिलला तीन मुलांना घेऊन त्या मेम्फिसला गेल्या आणि किंग यांनीच योजलेल्या मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. मागे हजारो लोक निःशब्द चालत होते. १६ एप्रिलला शहराने कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली आणि दोन टप्प्यांत तासाला १५ सेंटची वाढ कबूल केली.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न मात्र सुटला नाही. संपकऱ्यांपैकी काहीजण म्हातारपणातही कचऱ्याच्या गाडीवर काम करत राहिले, कारण थांबणे परवडत नव्हते. मेम्फिस शहराने हयात संपकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर देण्याचे २०१७ मध्ये जाहीर केले. तोवर त्या १,३०० पैकी मोजकेच उरले होते.